विश्लेषण : नाव एकच, किंमत ३०० आणि ३ हजारही, चांगला ऊलाँग चहा ओळखायचा आणि विकत घ्यायचा कसा?

शॉपिंग ॲपवर 'ऊलाँग चहा' असं शोधलं की पडद्यावर पाकिटांची रांगच लागते. कुणी त्याला 'पोट कमी करणारा चहा' म्हणतं, कुणी 'हिमालयातला दुर्मीळ चहा', तर कुणी 'तैवानचा मिल्क ऊलाँग'. एक पाकीट १०० ग्रॅमला तीनशे रुपयांचं, त्याच्या खालचंच तीन हजारांचं. फोटो मात्र दोन्हीकडे सारखा : पांढरा कप, वाफ आणि मागे धुक्यातला डोंगर. दूध-साखर घालून उकळलेल्या चहावर वाढलेल्या ग्राहकाने यातलं काय निवडायचं?

चुकीचं पाकीट घरी आलं, तर नुकसान फक्त पैशांचं होत नाही. 'ऊलाँग म्हणजे गवताचं कोमट पाणी' असा समज होतो आणि तो माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही. प्रत्यक्षात, चहाच्या दुनियेत सर्वाधिक चवी या एकाच प्रकारात आहेत. प्रश्न एवढाच की, पाकिटावरचा 'ऊलाँग' हा शब्द त्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही.

'ऊलाँग' म्हणजे नेमकं काय?

ग्रीन टी, काळा चहा आणि ऊलाँग हे तिन्ही एकाच झाडापासून बनतात. या झाडाचं शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस. फरक पडतो तो पान तोडल्यानंतर त्याचं काय केलं यामुळे. वांगं चिरून ठेवलं की काही मिनिटांत काळं पडायला लागतं. पेशी फुटतात, आतली विकरं हवेतल्या ऑक्सिजनच्या संपर्कात येतात आणि रंग बदलतो. चहाच्या पानातही हेच होतं आणि त्यालाच ऑक्सिडेशन म्हणतात. ग्रीन टीमध्ये पान लगेच गरम करून ही क्रिया थांबवली जाते. काळ्या चहात ती जवळपास पूर्ण होऊ दिली जाते. ऊलाँगमध्ये ती अधेमधे, बनवणाऱ्याला हवी तिथे थांबवली जाते.

कारागिरी आहे ती या 'हवी तिथे'मध्ये. पानं आधी उन्हात आणि मग सावलीत सुकवतात. त्यानंतर बांबूच्या सुपात किंवा फिरत्या पिंपात ती हलकेच उसळवतात, म्हणजे पानाच्या कडा दुखावतात आणि मधला भाग हिरवाच राहतो. मग थोडा वेळ विश्रांती, पुन्हा उसळणं. हे चक्र रात्रभर चालू शकतं. वासावरून वेळ आली असं वाटलं की पान तापवून क्रिया थांबवली जाते, मग वळणं, वाळवणं आणि हवं असल्यास भाजणं. हवेतली आर्द्रता वाढली, दुपारी ढग आले, तरी गणित बदलतं. त्यामुळे त्याच बागेचा, त्याच झाडांचा चहा आठवड्याभराच्या अंतराने वेगळा लागतो.

तैवानमधला बाओझोंग साधारण १०-१५ टक्के ऑक्सिडाइझ झालेला असतो. चवीला तो ग्रीन टीच्या जवळचा आणि फुलांच्या वासाचा. तिथलाच ओरिएंटल ब्यूटी ६०-७० टक्क्यांपर्यंत जातो, त्याचा रंग मधासारखा आणि वास पिकलेल्या फळासारखा. दोन्ही पाकिटांवर शब्द एकच : ऊलाँग. आंब्याच्या पेटीवर नुसतंच 'आंबा' लिहिलेलं असेल आणि आत हापूस आहे की तोतापुरी ते सांगायची सोय नसेल, तसाच हा प्रकार.

कोणती नावं माहीत असायला हवीत?

ऊलाँगची मूळ घरं दोन, चीनचा आग्नेय किनारा आणि तैवान. चीनमध्ये फूजियान आणि ग्वांगडाँग हे दोन प्रांत महत्त्वाचे. फूजियानच्या दक्षिणेकडच्या आनशीमधून तिएग्वानयिन येतो. पानं गुंडाळून केलेल्या घट्ट गोळ्या, हिरवट रंग, ऑर्किडसारखा वास. तो बऱ्याचदा ७-७ ग्रॅमच्या निर्वात पुड्यांमध्ये मिळतो. त्याचा भाजलेला, जुन्या पद्धतीचा अवतारही असतो, पण भारतात ऑनलाइन दिसतो तो बहुतेक हिरवाच. या हिरव्या प्रकाराची खरी ताकद ताजेपणात असते. वर्षभर कपाटात राहिलेला हिरवा तिएग्वानयिन म्हणजे शिळं फूल.

फूजियानच्याच उत्तरेला वुयी पर्वत आहे. कातळाच्या फटींत वाढलेल्या या झाडांच्या चहाला 'कातळ चहा' म्हणतात. पानं लांब, पीळ दिलेली, गडद, कोळशाच्या आचेवर भाजलेली. यातलं सर्वांत प्रसिद्ध नाव दा हाँग पाओ, म्हणजे 'मोठा लाल झगा'. वुयीच्या एका कड्यावर त्याची सहा मूळ झाडं आहेत. २००६ पासून त्यांची पानं तोडणं बंद आहे. शेवटच्या तोडणीतला २० ग्रॅम चहा २००७ मध्ये चीनच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे सोपवण्यात आला. त्यामुळे कुणी 'मूळ झाडांचा दा हाँग पाओ' विकत असेल, तर ते पान उलटून पुढे जावं. बाजारातला दा हाँग पाओ हा बहुतेक वेळा वुयीच्या वेगवेगळ्या जातींचं मिश्रण असतो. त्यात फसवणूक काही नाही. चांगलं मिश्रण हीदेखील कलाच आहे, फक्त विक्रेत्याने तसं सांगायला हवं.

ग्वांगडाँगमध्ये छाओझोऊजवळच्या फीनिक्स डोंगरावर दानत्सोंग बनतो. एकेका जातीचा वास एकेका फुलाफळासारखा. त्यातल्या एका लोकप्रिय जातीचं नाव आहे 'याशी श्यांग', शब्दशः 'बदकाच्या विष्ठेचा सुगंध'. आपली झाडं कुणी चोरून नेऊ नयेत म्हणून शेतकऱ्याने मुद्दाम हे नाव दिलं, अशी गोष्ट तिथे सांगतात. चहा उत्तम असतो, फक्त पाहुण्यांना नावाचा अर्थ कप रिकामा झाल्यावर सांगावा.

तैवानचा पसारा लहान असला तरी नावं भरपूर आहेत. अलिशान, शानलिनशी, लिशान ही ठिकाणांची नावं. समुद्रसपाटीपासून साधारण हजार मीटरच्या वर पिकलेल्या चहाला तिथे 'उंच डोंगरी चहा' म्हणतात. थंडी आणि धुकं यांमुळे पान सावकाश वाढतं, जाड होतं आणि कडवटपणा कमी राहतो. दोंगदिंग हा मध्यम उंचीवरचा, भाजलेला, जुन्या वळणाचा चहा. ओरिएंटल ब्यूटीची गंमत वेगळीच. उन्हाळ्यात तुडतुडे पानातला रस शोषतात, बचाव म्हणून झाड काही सुगंधी रसायनं तयार करतं आणि त्यातून मधाचा वास येतो. कीटकनाशक फवारलं तर तुडतुडे मरतात आणि चहाही गेला. दार्जिलिंगच्या उन्हाळी चहाच्या 'मस्कटेल' चवीमागेही अशाच कीटकाचा हात आहे.

अलिशानच्या पाकिटात व्हिएतनामचा चहा?

देवगड हापूसच्या पेटीतून कर्नाटकचा आंबा निघाल्याच्या तक्रारी महाराष्ट्रात दर उन्हाळ्यात होतात. तैवानच्या चहाचंही तेच दुखणं आहे. तैवान जितका चहा पिकवतं, त्याच्या जवळपास दुप्पट आयात करतं. आयातीतला सर्वांत मोठा वाटा व्हिएतनामचा. यातला बराचसा चहा बाटलीबंद पेयांत आणि बबल टीमध्ये जातो आणि त्यात गैर काहीच नाही. अडचण येते ती काही व्यापारी तोच चहा तैवानी म्हणून, कधी नुसता तर कधी मिसळून विकतात तेव्हा.

हे शक्य होतं, कारण व्हिएतनामच्या लाम दोंग प्रांतात तैवानी उद्योजकांनी तैवानच्याच जातींची रोपं लावली आणि तैवानचीच यंत्रं आणि पद्धत वापरली. गोळी दिसायला तशीच, रंग तसाच. नुसत्या डोळ्यांनी फरक कळणं कठीण, म्हणून तैवानच्या सरकारी चहा संशोधन केंद्राने पानातल्या मूलद्रव्यांचं प्रमाण मोजून मूळ प्रदेश ओळखण्याची पद्धत विकसित केली. माती बदलली की पानात उतरणारी खनिजं बदलतात, हे त्यामागचं तत्त्व.

अर्थात घरी बसून कुणी अशी चाचणी करू शकत नाही. पण साधा हिशेब करता येतो. खरा उंच डोंगरी चहा हाताने तोडलेला असतो, वर्षातून मोजक्याच तोडण्या होतात आणि तैवानच्या दुकानातच त्याचा भाव किलोला अनेक हजार रुपये असतो. भारतात चहाच्या आयातीवर मूळ सीमाशुल्कच १०० टक्के आहे (नेपाळसारख्या देशांना करारामुळे सवलत मिळते). त्यावर वाहतूक, कर आणि विक्रेत्याचा नफा. एवढं सगळं होऊन १०० ग्रॅम 'अलिशान' तीनशे रुपयांत घरपोच मिळत असेल, तर पाकिटात काहीही असू शकतं, अलिशान सोडून.

व्हिएतनामी ऊलाँग वाईट असतो, असा याचा अर्थ नाही. 'व्हिएतनाम' असं स्वच्छ लिहून रास्त भावात विकला जाणारा चहा ही चांगली सुरुवात ठरू शकते. वाद नावाचा आहे.

'मिल्क ऊलाँग'चं दूध येतं कुठून?

नवख्या ग्राहकाला सर्वाधिक भुरळ घालणारं नाव हेच. तैवानच्या चहा संशोधन केंद्राने १९८१ मध्ये जिनश्वान ही जात आणली, तिचा क्रमांक १२. तिच्या चहाला मुळातच थोडा लोण्यासारखा, स्निग्ध वास असतो. त्यावरून 'मिल्क ऊलाँग' हे नाव रूढ झालं आणि मग साध्या पानांवर दुधाचा कृत्रिम स्वाद मारून तेच नाव लावलेली पाकिटं बाजारात आली.

ओळखायला सोपं आहे. पाकीट उघडताच मिल्कमेडचा डबा उघडल्यासारखा भपकारा आला, तर स्वाद वरून घातलेला आहे. जातिवंत जिनश्वानचा वास हलका असतो आणि गरम पाणी पडल्यावर उमलतो. दुसऱ्या-तिसऱ्या पाण्यानंतरही तो थोडाफार टिकतो. वरून मारलेला स्वाद पहिल्या पाण्यातच धुऊन निघतो आणि मागे उरतं ते फिकं पाणी. पाकिटाच्या मागच्या बाजूला घटकांच्या यादीत 'फ्लेवर' हा शब्द आहे का, हेही पाहावं. स्वाद घातलेला चहा आवडणं हा काही गुन्हा नाही, पण त्यासाठी जिनश्वानचा भाव का मोजायचा?

पाकिटावर आणि वेबसाइटवर काय वाचायचं?

मोबाइल घेताना कुणी नुसतं 'स्मार्टफोन' एवढं वाचून पैसे देत नाही. प्रोसेसर, रॅम, बॅटरी पाहिली जाते. ऊलाँगचंही तसंच आहे. पाहण्याच्या गोष्टी पाच : चहा कुठला, कधी तोडलेला, झाडाची जात कोणती, ऑक्सिडेशन आणि भाजणी किती, आणि बनवला कुणी. पाचही उत्तरं देणारे विक्रेते थोडे असतात. तीन मिळाली तरी विक्रेत्याला आपण काय विकतोय ते माहीत आहे, असं धरायला हरकत नाही. ज्याच्या पानावर 'प्रीमियम', 'ऑथेंटिक', 'डिटॉक्स' हे तीन शब्द आहेत आणि या पाचांतलं एकही उत्तर नाही, त्याच्याकडे पाठ फिरवावी.

यातली सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे तारीख. पाकिटावर असते ती बहुतेकदा पॅकिंगची तारीख. दोन वर्षं गोदामात पडलेला चहा गेल्या महिन्यात पाकिटात भरला, तर तारीख गेल्या महिन्याचीच दिसणार. त्यामुळे विचारायचं ते 'पॅकिंग कधीचं?' असं नाही, तर 'तोडणी कोणत्या हंगामाची, कोणत्या वर्षाची?' असं. चांगला विक्रेता 'वसंत' किंवा 'हिवाळा' आणि पुढे वर्ष लिहितो. दार्जिलिंगच्या बाबतीत 'फर्स्ट फ्लश', 'सेकंड फ्लश', 'ऑटम' असे शब्द असतात.

शिळेपणाचा नियम मात्र सरसकट लावता येत नाही. हिरवट, कमी ऑक्सिडाइझ झालेला ऊलाँग शक्य तितका ताजा घ्यावा. कोळशावर भाजलेल्या वुयीच्या चहाचं उलट असतं. ताज्या भाजणीचा धुरकट, जळका वास बसायला काही महिने जावे लागतात. गेल्या वर्षीचा वुयी सवलतीत मिळत असेल तर तो तोटा नसून संधी असू शकते.

भारतात विकल्या जाणाऱ्या पाकिटावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक असावा लागतो. फॉसकॉस पोर्टलवर तो तपासताही येतो. परदेशी चहा असेल तर मूळ देश आणि आयातदाराचं नाव-पत्ता हवा, आणि ऑनलाइन विक्रीतही मूळ देश दाखवणं बंधनकारक आहे. परवाना क्रमांकाने चहा चांगला आहे असं सिद्ध होत नाही, तो विकणारा कुणीतरी नोंदणीकृत आहे एवढंच कळतं. पण 'अलिशान' नावाच्या पाकिटावर मूळ देश 'भारत' लिहिलेला असेल, तर तेवढंच वाचून निर्णय होतो.

आणि ग्राहकांचे रिव्ह्यू? मोठ्या मार्केटप्लेसवर पंचतारांकित अभिप्रायांतले बरेचसे 'डिलिव्हरी लवकर आली', 'पॅकिंग छान' अशा धाटणीचे असतात. चहाबद्दल त्यातून काहीच कळत नाही. त्यापेक्षा विक्रेत्याने भिजून उघडलेल्या पानांचा फोटो टाकलाय का, ते पाहावं. कोरड्या गोळीत बरंच काही लपतं, भिजलेल्या पानात नाही.

दुकानात जाऊन घ्यायचा असेल तर?

तैपेई किंवा ग्वांगझोऊच्या चहाच्या दुकानात विकत घेण्याआधी चहा करून पाजणं हा रिवाज आहे. तिथे जाणाऱ्या प्रवाशांनी संकोच सोडून बसावं, दोन-तीन प्रकार प्यावेत आणि मधल्या भावाचा घ्यावा. तैवानच्या लुगूमध्ये १९७६ पासून दोंगदिंग चहाची स्पर्धा होते. त्यात बक्षीस मिळवलेला चहा सीलबंद डब्यांतून विकला जातो. भेट म्हणून तो रुबाबदार दिसतो, पण किमतीतला बराच भाग बक्षिसाचा असतो.

महाराष्ट्रात चहाची जुनी दुकानं चालतात ती सीटीसीवर. सीटीसी म्हणजे यंत्राने चिरडून, फाडून, वळून केलेली ती दाणेदार पूड. दूध आणि आल्यापुढे टिकेल असा कडकपणा देणं हे तिचं काम आणि ते ती चोख करते. अशा दुकानात ऊलाँग असलाच, तर मागच्या फळीवर काचेच्या बरणीत. काचेची बरणी, ट्यूबलाइटचा उजेड आणि शेजारी गरम मसाला, यापेक्षा वाईट शेजार चहाला मिळू शकत नाही. चहा आजूबाजूचा वास ओढून घेतो आणि उजेडाने फिका पडतो. अशा वेळी दुकानदाराला बरणी उघडून दाखवायला सांगावी. वास आलाच नाही, किंवा लवंग-वेलदोड्याचा आला, तर नमस्कार करून निघावं. मोठ्या शहरांत आता फक्त पानांचा चहा विकणारी खास दुकानं निघाली आहेत. तिथे वास घ्यायला, कधी चाखायलाही देतात.

टी-बॅगबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बहुतेक बॅगांमध्ये तुकडे आणि चुरा असतो आणि ऊलाँगची सगळी मेहनत तर अख्खं पान राखण्यात असते.

मग दार्जिलिंगचा ऊलाँग का घेऊ नये?

घ्यावा, आणि सुरुवात तिथूनच केली तर खिशाला बरं. दार्जिलिंगमधल्या गोपालधारा, रोहिणीसारख्या काही बागा ऊलाँग बनवतात आणि थेट ग्राहकांना ऑनलाइनही विकतात. आयात शुल्काचा प्रश्न नाही, बागेचं नाव, हंगाम आणि कधी कधी झाडाची जातही कळते. पण अपेक्षा नीट ठेवावी. इथली पानं बहुतेकदा गोळी न करता लांब ठेवली जातात आणि चव बाओझोंग किंवा अलिशानपेक्षा काळ्या चहाकडे झुकलेली असते. फळांचा वास, किंचित तुरटपणा. तैवानची नक्कल समजून घेतला तर निराशा होते, वेगळा चहा म्हणून प्यायला तर नाही.

'दार्जिलिंग' या नावाला २००४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भारतात हे मानांकन मिळवणारं ते पहिलंच उत्पादन. ते ८७ बागांपुरतं आहे. एकेकाळी वर्षाला एक कोटी किलोच्या वर जाणारं तिथलं उत्पादन अलीकडे ६० लाख किलोच्या आसपास घसरलं आहे. नेपाळमधला स्वस्त चहा दार्जिलिंगच्या नावाने विकला जातो, ही तिथल्या उत्पादकांची जुनी तक्रार. पाकिटावर बागेचं नाव आणि दोन पानं-एक कळी हातात धरलेल्या स्त्रीचं दार्जिलिंगचं चिन्ह शोधावं. नुसतं 'दार्जिलिंग हिल्स' किंवा 'हिमालयन' हे शब्द पुरेसे नाहीत. बाकी नेपाळचा चहा स्वतःच्या नावाने उत्तम असू शकतो. तिथल्या हिले परिसरातल्या जून चियाबारीसारख्या बागांच्या ऊलाँगला परदेशातही ग्राहक आहेत.

वजन खरंच कमी होतं का?

ऑनलाइन ऊलाँगचा मोठा भाग या एकाच दाव्यावर विकला जातो. चहातलं कॅफीन आणि पॉलिफेनॉल यांचा चयापचयावर थोडा परिणाम दिसल्याचे काही छोटे अभ्यास आहेत. त्यातून 'रोज एक कप, महिन्यात पोट सपाट' असं काही निघत नाही. साखर-दुधाच्या तीन कपांऐवजी बिनसाखरेचा ऊलाँग घेतला तर कॅलरी कमी होतील, पण ते श्रेय न घातलेल्या साखरेचं. 'स्लिमिंग' नावाच्या पाकिटांत कधी सोनामुखीसारखी रेचक पानंही मिसळलेली असतात, तेव्हा घटकांची यादी नक्की वाचावी. ऊलाँगमध्ये कॅफीन असतं, त्यामुळे ज्यांना रात्री झोपेचा त्रास आहे त्यांनी तो सकाळीच घ्यावा.

महाग चहा खरंच महाग पडतो का?

हिशेब करून पाहू. समजा, ५० ग्रॅमचं पाकीट १,००० रुपयांचं आहे, म्हणजे ग्रॅमला २० रुपये. एका बैठकीला ५ ग्रॅम, म्हणजे १०० रुपये. ऐकायला जास्त वाटतं. पण चांगला ऊलाँग एकदा पाणी ओतून फेकायचा नसतो. छोट्या भांड्यात १२० मिलिलिटर उकळतं पाणी, पहिल्यांदा अर्धा मिनिट आणि नंतर प्रत्येक वेळी थोडं जास्त. अशी पाच पाणी सहज होतात. म्हणजे पाच छोटे कप, कपाला २० रुपये. स्वस्त चहा पहिल्या पाण्यातच संपतो, त्यामुळे ग्रॅमच्या भावाने केलेली तुलना फसवी ठरते. त्यात दूध घातलं तर मात्र सगळाच हिशेब पाण्यात.

तरीही पहिल्याच फटक्यात १०० ग्रॅम मागवू नये. ५ ते १० ग्रॅमचे नमुने विकणारे विक्रेते निवडावेत आणि दोन-तीन प्रकार एकदम मागवावेत. एकटा चहा प्यायला की बरा वाटतो, शेजारी दुसरा ठेवला की फरक दिसतो. चहा चाखणारे व्यावसायिक मुद्दाम चहावर अन्याय करून पाहतात. आयएसओ ३१०३ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार चाचणीसाठी १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम चहा आणि सहा मिनिटं वेळ. घरी दोन सारखे कप घेऊन १५० मिलिलिटरला ३ ग्रॅम टाकावेत, वर बशी झाकावी, घड्याळ लावावं. इतका वेळ भिजूनही ज्याच्यात गोडवा उरतो आणि घोट गिळल्यावर घशात वास रेंगाळतो, तो चहा चांगला. कमअस्सल चहा एवढ्यात कडू तरी होतो, नाहीतर सपाट.

मग पानं बशीत काढून पसरावीत. तैवानी गोळीतून देठासह दोन-तीन अख्खी पानं उघडली, कडा किंचित तांबूस दिसल्या, पान बोटांनी ताणल्यावर लगेच फाटलं नाही, तर माल नीट आहे. सरळ रेषेत कापलेल्या कडा यंत्राने तोडणी झाल्याची खूण. ते वाईटच असं नाही, पण विक्रेत्याने 'हाताने तोडलेला' म्हणून पैसे घेतले असतील, तर विचारायला पुरावा हातात आहे. नुसता चुराच निघाला तर तो फोटो काढून परताव्याच्या अर्जाला जोडावा.

परदेशी वेबसाइटवरून थेट मागवणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. पार्सलवर सीमाशुल्क लागू शकतं आणि ते दारात भरावं लागतं. वेबसाइटवरचा भाव हा शेवटचा भाव नसतो.

मागवायचा कधी, ठेवायचा कसा?

तैवानचा वसंतातला चहा एप्रिल-मेमध्ये आणि हिवाळी चहा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तोडला जातो. विक्रेत्यांकडे तो त्यानंतर महिना-दोन महिन्यांत दिसू लागतो. उन्हाळी तोडणी सहसा कडवट आणि स्वस्त, ओरिएंटल ब्यूटीचा अपवाद सोडून. दार्जिलिंगचा फर्स्ट फ्लश फेब्रुवारीअखेर ते एप्रिल, सेकंड फ्लश मे-जून. वसंतातला ताजा चहा मुंबई-कोकणात पोहोचतो तो नेमका पावसाळ्याच्या तोंडावर, जेव्हा हवेतला दमटपणा पापडालाही सोडत नाही. अशा वेळी मोठं पाकीट न घेता २५-५० ग्रॅमचंच घ्यावं, हवाबंद स्टीलच्या डब्यात, मसाल्याच्या कपाटापासून लांब ठेवावं. निर्वात पुड्यांतला हिरवा तिएग्वानयिन फ्रिजमध्ये चालतो, पण पुडी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी, नाहीतर थंड पानांवर दंव साचतं. भाजलेला ऊलाँग दमट झालाच, तर कोरड्या तव्यावर अगदी मंद आचेवर दोन-तीन मिनिटं हलवून घ्यावा. हिरव्याला हा उपाय चालत नाही.